बंद गाडीचा पंखा

इंजिन बंद, चावी खिशात, चारही दारं लावलेली, आणि समोरून मात्र 'घूंऽऽ' चालूच. अशा गाडीचा मालक थोडं पुढं जातो, थांबतो, वळतो, परत येतो, बोनेटवर हात ठेवतो, चटका बसला की हात झटकतो आणि मग सरळ माझ्या दुकानाकडं येतो. वणीत बसस्टँडच्या पलीकडं, कडुनिंबाखाली माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. आता ते भाचा चालवतो. स्टार्टर, हॉर्न, दिवे, सगळंच केलं मी तिथं, पण लोकांनी मला ओळखलं ते पंख्यावरून. "दिगूकाका, गाडी बंद केली तरी पंखा बंद होत नाही," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की झोपेत कोणी म्हटलं असतं तरी मी टेस्टर शोधला असता.

तर आधी सांगून टाकतो, म्हणजे हा अंक वाचणाऱ्यांपैकी कोणी उद्या भलत्याच दुकानी जाऊन स्वतःची हजामत करून घेणार नाही. रेडिएटरच्या मागं एक विजेचा पंखा असतो. इंजिनातलं पाणी तापलं की तो फिरतो, पाणी निवलं की थांबतो. इंजिन बंद केलं म्हणजे पाण्याचं फिरणं थांबतं, पण उष्णता तिथंच कोंडून राहते. म्हणून बऱ्याच गाड्यांत पंखा नंतरही थोडा वेळ चालतो. आमच्याकडच्या मे महिन्यात तर चालणारच. चालू द्यायचा. तो त्याचं काम करतो आहे, आपण आपल्या कामाला लागायचं.

म्हणजे माझ्याकडं येणाऱ्या बहुतेक गाड्या ठणठणीत असायच्या, आणि हीच माझ्या धंद्याची खरी पंचाईत. "काही झालं नाही" हे ऐकून कोणी खूश होत नाही. डॉक्टरनं सुई न टोचता घरी पाठवलं की म्हातारं माणूस जसं रुसतं, तसं गिऱ्हाईक रुसतं. एक जण तर भांडायलाच उठला. "काही झालं नाही म्हणजे? मी पुसदवरून आलो जी." पुसद म्हणजे जिल्ह्याचं दुसरं टोक. इतक्या लांबून आणलेल्या गाडीत काहीतरी निघालंच पाहिजे, असं त्याचं म्हणणं. शेवटी मी हवा मारून त्याचं रेडिएटर साफ केलं, दोन वायरींना उगाच नवी टेप गुंडाळली, तेव्हा कुठं तो समाधानानं गेला.

रेडिएटर साफ करताना मात्र मजा यायची. त्याच्या जाळीत काय अडकलं आहे यावरून मी गाडी कुठली ते सांगायचो. पांढरी रुई निघाली की मारेगावकडची, जिनिंगच्या रस्त्यानं फिरणारी. काळी भुकटी निघाली की राजूरची, कोळशाच्या खाणीकडची. जाळी बुजली की हवा जात नाही, पाणी लवकर निवत नाही, आणि पंखा बिचारा फिरतच राहतो. ते झाडून काढलं की झालं. पण लोकांना घाई. "काका, पंख्याची वायरच कापून टाका न," असं सांगणारेही होते. त्यातल्या एकानं दुसरीकडं जाऊन ती कापून घेतली आणि यवतमाळच्या रस्त्यावर इंजिन शिजवून आणलं. नंतर तो महिनाभर माझ्या दुकानासमोरून मान खाली घालून जायचा.

मग मी चहाची युक्ती काढली. गिऱ्हाईक आलं की त्याला बाकड्यावर बसवायचं आणि शेजारच्या टपरीवरून चहा मागवायचा. त्याचा चहा संपायच्या आत पंखा थांबला तर गाडी निरोगी. चहा संपला आणि पंखा चालूच, तर बोनेट उघडायचं. डोळ्यांसमोर पंखा थांबलेला दिसला की माणसाला पटतं. त्यातही नग भेटायचेच. एक ठेकेदार गाडी आजारी ठरावी म्हणून घटाघट चहा प्यायचा, जीभ भाजली तरी. आणि एक निवृत्त गुरुजी, खर्च नको म्हणून, बशी हातात धरून चहाचं सरबत होईपर्यंत बसून राहायचे.

या माझ्या चहानं मला एकदाच दगा दिला. प्रवीणच्या गाडीत.

प्रवीण मारेगावकडचा. वय तिशीच्या बरंच पुढं गेलेलं. जमीन चांगली, कापूस, तूर, घर स्लॅबचं, घरी तो आणि त्याची आई. स्वभाव असा गरीब की मी चहा सांगितला तर टपरीवाल्याला तोच धन्यवाद द्यायचा. जुनी पण दिसायला टापटीप कार घेऊन तो पहिल्यांदा आला तो मे महिन्याच्या सुरुवातीला.

"काका, रात्रभर पंखा चालते न सकाळी बॅटरी ठार. गाडी चूं करत नाही."

म्हटलं, बस. चहा आला. त्यानं बशीत ओतून फुंकर मारली नाही तोच पंखा थांबला.

"तुह्या गाडीले काही झालं नाही," मी म्हटलं.

"मंग मी का खोटं बोलून राह्यलो का जी?"

गेला. चार-आठ दिवसांनी पुन्हा हजर. तेच रडगाणं. या वेळी मी बोनेट उघडलं. पंखा चालू-बंद करणारी काडेपेटीएवढी एक काळी डबी असते, तिला रिले म्हणतात. त्याच्या पितळी पायांवर हिरवट-पांढरा थर चढला होता. म्हणजे पाणी लागलेलं.

"गाडी धुतो का रे?"

"नाही जी. घडीघडी धुतली का रंग जाते म्हणतात."

"पावसात होती?"

"आता मे महिन्यात पाऊस कोठून आणू?"

मी रिले बदलला. बोनेटच्या कडेला तागाचे धागे अडकलेले दिसले, ते उपटून फेकले. शेतकऱ्याच्या गाडीत पोत्याचे धागे नाही सापडणार तर काय रेशमाचे सापडतील? त्या धाग्यांकडं मी जरा नीट पाहिलं असतं तर पुढचं सगळं रामायण घडलंच नसतं. पण नाही पाहिलं.

तो पुन्हा आला. मी पाण्याचं तापमान सांगणारा सेन्सर बदलला. तो पुन्हा आला. माझ्या दुकानी गाडी शहाणी, चहा संपायच्या आत गप्प. त्याच्या घरी गेली की रात्रभर घूंऽऽ. आता माझं डोकं सटकायला लागलं. मला वाटलं, हा पोट्टा रात्री गाडीत एसी लावून झोपत असेल आणि सांगायला लाजत असेल. उन्हाळ्यात असे महाभाग निघतात. तसं मी त्याला तोंडावर विचारलं, तेव्हा त्याचे डोळे भरून आले. मला फार वाईट वाटलं. मी त्याला बाकड्यावर बसवलं आणि म्हटलं, सांग बाबा, नीट सांग.

तेव्हा त्यानं खरं दुखणं काढलं. ते गाडीचं नव्हतं. आजकाल शेती करणाऱ्या पोराला पोरगी द्यायला कोणी तयार नाही. पोरगा शहरात कोणाच्या दुकानी का असेना, पण पगारावर पाहिजे. प्रवीणला नकार येऊन येऊन त्याच्या मामानं सुचवलं की घरापुढं कार उभी असली की बोलणं पुढं सरकतं. म्हणून ही कार आली. आणि त्या कारनंच घात केला.

"पोरगी पाहाले जाचं होतं. सकाळी पाह्यतो तं गाडी मेलेली. अख्ख्या गल्लीनं धक्का मारला, काका. पोहोचलो तं त्याइच्या घरचे पोहे वाळून दगड झालते. मामाच्या पांढऱ्या सदऱ्यावर ग्रीसचा पंजा. पोरीचा बाप म्हणे, कळवतो."

"मग कळवलं का?"

"हाव. दुसरीकडं देल्ली म्हणून कळवलं."

मला हसू आलं, ते मी मिशीत दाबलं. त्यानं माझा हात धरला. "आता रविवारी राजूरचे लोक घर पाहाले येऊन राह्यले. पोरगीबी येते म्हणे सोबत. त्याइच्यासमोर गाडी बिघडली तं माह्यं लग्न काही होत नाही आता. माय थकली जी. दिवसभर एकटीच राह्यते घरी, बोलाले कोणी नाही. तुमी घरीच चला."

यंत्राला मी कधी घाबरलो नाही. पण एका पोराचं लग्न आपल्या टेस्टरला लटकलं आहे म्हटल्यावर मी पिशवीत एकाऐवजी दोन टेस्टर टाकले.

रविवारी सकाळी मी त्याच्या गावी गेलो. बॅटरी, रिले, सेन्सर, सगळं पुन्हा पाहिलं. सगळं चोख. प्रवीण पाहुण्यांना आणायला फाट्यावर गेला आणि भर उन्हात त्यांना घेऊन आला. गाडी अंगणात लागली, इंजिन बंद झालं, पंखा घूंऽऽ करत राहिला. हा पंखा कायद्यातला होता, त्याची मला चिंता नव्हती. मी गाडीशेजारी मांडवाच्या सावलीत बाज टाकून बसलो.

पोरीचे वडील राजूरच्या खाणीतून निवृत्त झालेले. जन्मभर खाणीतल्या पाण्याच्या पंपावर काम केलेलं. असा माणूस घरात शिरण्याआधी आवाज ऐकतो. त्यांनी पंख्याकडं एकदा कान देऊन पाहिलं आणि ते आत गेले. पोरगी, शुभांगी, वणीत एका मेडिकल दुकानी काम करणारी. नीटनेटकी, डोळ्याला डोळा देऊन पाहणारी. तिची आई माझ्याजवळ थांबली.

"तुमी मुलाचे कोण जी?"

"मी गाडीकडून आहे," मी म्हटलं. मुलाकडून, मुलीकडून, तसं गाडीकडून. शुभांगी मागं वळून हसली आणि आत गेली.

आतून पोह्यांचा वास आला. प्रवीणच्या आईला शुभांगी 'काकू, काकू' म्हणत काहीतरी विचारत होती, तेही ऐकू आलं. इकडं पंखा थांबायला आला होता. मी त्याच्याकडं कान लावून बसलेला, आणि तेवढ्यात मागच्या दारानं प्रवीणची आई अंगणात आली. एका हातात लोटा, दुसऱ्या हातात ओलं, टपटप गळणारं पोतं. पाण्याच्या रांजणाला गार राहावं म्हणून आपण गुंडाळतो ते. तिनं ते बोनेटवर पसरलं, कडा नीट केल्या, वरून हात फिरवला आणि लोटाभर पाणी अलगद ओतलं.

मी बघतच राहिलो. पंखा थांबला. पाणी बोनेटच्या फटीतून आत झिरपलं, नेमकं त्या कोपऱ्यात, जिथं रिलेच्या पेटीच्या झाकणाला माझ्या नजरेतून सुटलेली चीर होती. आणि पंखा पुन्हा सुरू झाला.

"पाहा, अजून दम लागूनच राह्यला तिले," ती म्हणाली आणि दुसरा लोटा आणायला वळली.

"वहिनी, हे का करून राह्यल्या तुमी?"

"पाणी मारून राह्यली न भाऊ. कशी धापा टाकते पाहा. उन्हातून आली का असंच करते. प्रवीणचे बाबा होते तवा आमचे बैल बी वखरून आले का असेच धापा टाकत. आधी अंगावर पाणी मारावं लागे, मंग वैरण."

"रोज करता?"

"रोज. हे पोट्टं येते, गाडी ठेवते न जेवून झोपून जाते. तिच्याकडं कोणी पाहावं मंग? रात्री उठून उठून ओलं करा लागते पोतं. पहाटंपर्यंत शांत होते बिचारी."

पहाटेपर्यंत शांत होते म्हणजे बॅटरी मरते. ही माउली रात्र रात्र उठून गाडीला पाणी घालत होती, पाण्यानं पंखा फिरत होता, पंखा फिरला की तिला आणखी दया येत होती आणि ती आणखी पाणी घालत होती. सकाळी ऊन चढायच्या आत पोतं पुन्हा रांजणावर. दुपारी गाडी वणीला येईपर्यंत इंजिनाच्या उष्णतेनं सगळं वाळून कोरडं. मी रिले बदलला, सेन्सर बदलला, पोराच्या चालचलणुकीवर संशय घेतला, पण त्याच्या आईला काही विचारावं हे मला सुचलं नाही.

मी घाईनं पोतं उचललं, पण पंखा काही थांबेना. तो आवाज आत गेलाच. शुभांगीचे वडील बाहेर आले, मागून प्रवीणचा मामा आणि बाकी सगळे आले.

"गाडी बंद हाये न? मंग हे का वाजून राह्यलं?"

प्रवीणचं तोंड पांढरं पडलं. फाट्यावरून येताना त्यानं सांगितलं होतं की गाडी एकदम टकाटक आहे. मी बोनेट उघडून रिले उपटला. पंखा बंद झाला, आणि आता सगळे पंख्याऐवजी माझ्याकडं पाहायला लागले.

शुभांगी पुढं आली. "काका, तुमी गाडीकडून आले न? मग खरं सांगा. हिले काय झालं?"

खरं सांगायला मी कधी मागं हटलो नाही. पण इथं दोन्हीकडून अडचण. गाडी बिघडलेली म्हणावं तर प्रवीण खोटा पडतो. आई पाणी घालते म्हणावं तर संध्याकाळच्या आत राजूरपासून वणीपर्यंत बातमी होणार की मारेगावकडं एक सासू गाडीला आंघोळ घालते. मी घसा खाकरून सुरुवात केली. "काही नाही, उन्हामुळं कधीकधी..."

"खोटं कायले बोलता भाऊ," प्रवीणची आई म्हणाली. "मीच पाणी टाकलं माय. धापा टाकत होती म्हणून टाकलं. माह्यानं बिघडली का ते?"

आणि तिनं सगळं सांगितलं. बैल, वखर, रात्रीचं उठणं, काही लपवलं नाही. प्रवीणच्या मामानं डोक्याला हात लावला. शुभांगीच्या वडिलांनी दुपट्टा तोंडाला लावून पाठ फिरवली. त्यांचे खांदे हलत होते. मीही कोणी विचारायच्या आधीच समजावून टाकलं, की हे धापा टाकणं नाही, पंखा आहे, गाडी निवली की आपोआप थांबतो, त्याला पाणी लागत नाही. प्रवीणच्या आईनं मान खाली घातली. हातातला लोटा कुठं ठेवावा हे तिला कळेना.

आता पोट्टा चिडणार, असं मला वाटलं. चिडला असता तर कोणी त्याला नावं ठेवली नसती. त्या लोट्यापायी त्याचं एक लग्न गेलं होतं आणि दुसरं डोळ्यांसमोर चाललं होतं. तो आईजवळ गेला, तिच्या हातातला लोटा घेतला.

"मले सांगाचं न माय," तो म्हणाला. "रात्र रात्र उठत होती तं. म्हणून डोकं दुखते म्हणे रोज."

बस, इतकंच. बॅटरीचं नाव नाही, नकाराचं नाव नाही. पाहुण्यांसमोर बोलायचं म्हणून बोलला नव्हता तो, पाहुणे उभे आहेत हे त्याच्या ध्यानातच नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू.

शुभांगी त्याच्याकडं पाहत होती. मग तिनं माझ्या हातातलं ते ओलं पोतं घेतलं, नळाजवळ नेऊन पिळलं, मागच्या ओसरीत जाऊन रांजणाला नीट गुंडाळलं, वर पेला पालथा घातला आणि परत येऊन प्रवीणच्या आईजवळ उभी राहिली.

"हे आता तिथंच राहू द्या, आई," ती म्हणाली. "गाडीकडं मी पाहते."

तिच्या आईनं तिच्या वडिलांकडं पाहिलं. वडिलांनी दुपट्टा तोंडावरून काढून खांद्यावर टाकला. प्रवीणच्या आईनं तोंडाला पदर लावला. दारात उभ्या शेजारणींपैकी एक लगबगीनं आत साखर आणायला गेली. अंगणातल्या सगळ्यांना समजलं होतं, एक नवरदेव सोडून. तो बोनेटखाली डोकं घालून माझ्या कानाशी कुजबुजला, "गेलं न काका हेही?"

"बोनेट लाव," मी म्हटलं, "हात धू, आन् जाऊन सासऱ्याच्या पाया पड."